हरलेल्यांचा धर्म

ख्रिस्ती धर्माविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गांत एक वाक्य फार दिवसांपासून रूढ आहे. तें असें कीं, हा हरलेल्यांचा धर्म आहे. ज्याचा धंदा बुडाला, ज्याचें घर मोडलें, ज्याला व्यसनानें पोखरलें किंवा ज्याला समाजानें बाहेर काढलें, तो शेवटीं क्रुसाच्या पायथ्याशीं जाऊन बसतो. तेथें चार अश्रू गाळतो आणि आपण नवा मनुष्य झालों अशी स्वतःची समजूत घालून घेतो. हें वाक्य बोलणारे गृहस्थ बहुधा वाईट नसतात. त्यांनीं नीत्शेचीं चार पानें चाळलेलीं असतात, मार्क्सचें अफूविषयींचें १८४४ सालचें मत त्यांना ठाऊक असतें, आणि मानसशास्त्राच्या एखाद्या परिचयग्रंथांतून 'पलायनवृत्ति' हा शब्द त्यांनीं उचललेला असतो. दुःख एवढ्याचेंच कीं, या वाक्याला उत्तर देण्यास जे पुढें सरसावतात, ते त्या वाक्याहूनहि अधिक नुकसान करितात. ते म्हणतात, छे, आमचा धर्म हरलेल्यांचा नव्हे. आमच्याकडे या, म्हणजे हरलेला मनुष्यहि जिंकूं लागतो! एक पक्ष श्रद्धेला दुबळ्याची कुबडी म्हणतो. दुसरा तिला यशाची किल्ली म्हणतो. प्रस्तुत लेख या दोन्ही पक्षांविरुद्ध आहे. आणि स्पष्टच सांगावयाचें तर दुसऱ्याविरुद्ध अधिक आहे, कारण तो पक्ष घरचा आहे.

प्रथम पहिल्या पक्षाचा विचार करूं. मनुष्य अपयशानंतर श्रद्धेकडे वळला, म्हणून ती श्रद्धा खोटी, हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत टिकत नाहीं. आजारी पडल्यावांचून वैद्याकडे कोणी जात नाहीं. एवढ्यावरून वैद्यक हें आजाऱ्यांचें भ्रमजाल ठरत नाहीं. मनुष्य कोणत्या दारानें आंत आला यावरून आंत काय आहे याचा निर्णय होत नाहीं; तो आंत शिरून, पाहून करावा लागतो. अर्थात् एवढ्यानें श्रद्धा खरी ठरते असें मुळींच नाहीं. आक्षेप लंगडा ठरतो, इतकेंच. परंतु ज्या आक्षेपाच्या बळावर अनेकांनीं आयुष्यभर विचार करण्याचें टाळलें, तो लंगडा आहे हेंहि एकदां सांगून टाकणें बरें.

दुसरें असें कीं, हा आक्षेप घेणारे गृहस्थ तो सर्वांना सारखा लावीत नाहींत. देहूच्या तुकोबांची गोष्ट महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? वडिलोपार्जित वाणिज्य होतें. १६३० च्या सुमारास जो घोर दुष्काळ पडला त्यांत तें बुडालें, दिवाळें निघालें, पहिली बायको अन्नावांचून गेली. नंतर तो मनुष्य विठ्ठलाकडे पूर्णपणें वळला. आणि परंपरा सांगते कीं, वांट्यास आलेलीं कर्जखतें त्यानें इंद्रायणींत बुडविलीं. या क्रमांत आधीं अपयश आहे व मागून भक्ति आहे. तरी तुकोबांना पलायनवादी म्हणण्याचें धैर्य आपणांपैकीं किती जणांस होईल? आपण म्हणतों कीं, दिवाळ्यानें त्यांचे डोळे उघडले. मग तेंच दिवाळें एखाद्या मनुष्यास देहूऐवजीं बेथलेहेमकडे घेऊन गेलें, तर त्याचे डोळे मिटले असें म्हणण्यास आधार कोणता? आक्षेप जर अपयशावर असेल तर तो दोघांनाहि लागूं करा. आणि तो केवळ दिशेवर असेल तर तसें उघड बोला, मानसशास्त्राचा आडोसा घेऊं नका. नारायण वामन टिळकांना ही गोष्ट पक्की उमगली होती. आपण तुकोबांच्या वाटेनेंच ख्रिस्तापाशीं येऊन पोहोंचलों, असें ते मानीत.

आतां 'पलायन' या शब्दाकडे पाहूं. जो पळतो तो सुखाकडे पळतो. निदान आज आहे त्याहून कमी दुःखाकडे तरी पळतो. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं सदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाया पडते म्हणून गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनीं सल्लागार मंडळ सोडलें आणि पालकांनीं मुली काढून नेल्या. लौकिक दृष्टीनें तें एक मोठें अपयश होतें. विशेषतः ज्यांच्या सहानुभूतीवर संस्था उभी होती त्यांनींच पाठ फिरविली, म्हणून अधिकच. पळावयाचें असतें तर बाईंना इंग्लंड-अमेरिकेंत मानाची जागा मिळण्यासारखी होती. त्या गेल्या केडगांवच्या माळावर. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत हिंडून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली उचलून आणल्या आणि मुक्तिसदन उभें केलें. याला जर पलायन म्हणावयाचें असेल, तर असे पळपुटे देशाला आणखी कांहीं मिळावेत अशी प्रार्थना करणें भाग आहे.

तथापि या पक्षाच्या आक्षेपांत एक बोचरा सत्यांश आहे आणि तो आम्ही झांकून ठेवणार नाहीं. मनुष्याच्या अडचणीचा लाभ घेऊन धर्म पसरविण्याचे प्रकार ख्रिस्ती इतिहासांत घडले आहेत. वसईच्या माणसानें तर हें नाकारूंच नये. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगिजांच्या हवालीं केली आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें पांच वर्षांत येथें जीं चर्चें उभीं राहिलीं त्यांच्या पायांत शुद्ध भक्ति होती, तशीच राजसत्तेची दहशत व सवलतींचें आमिषहि होतें. गोव्यास १५६० सालीं बसविलेल्या धर्मन्यायालयाची काळी आठवण उत्तर कोंकणच्याहि वांट्यास आली आहे. संकटांत सांपडलेल्यास अन्न देतां देतां त्याचें नांव बदलून घेणें हा व्यवहार आहे; त्याला नवजीवन म्हणणें हा नवजीवन या शब्दाचा अपमान आहे. येवढें मान्य केल्यावर आम्हांस असें विचारण्याचा अधिकार येतो कीं, ज्या माणसांना त्या श्रद्धेपायीं मिळण्याऐवजीं सर्वस्व द्यावें लागलें, त्यांचें काय? आणि असा एक मनुष्य तर खुद्द वसईचाच आहे.

गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईस जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघाच्या पाद्र्यांपाशीं तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असतांना त्यांच्याबरोबर जपानास गेला. तेथें सुमारें आठ वर्षें त्यानें धर्मशिक्षकाचें काम केलें. जपानी भाषा त्यानें अशी आत्मसात् केली कीं, ती जणूं त्याची दुसरी मायबोली झाली. त्याची एकच इच्छा होती. ती ही कीं, आपणांस येशूसंघांत बंधु म्हणून प्रवेश मिळावा. तो मिळाला नाहीं. मागणी करावी, वाट पाहावी, पुन्हां मागणी करावी, असें होतां होतां आशा खचली आणि तो संघाची सेवा सोडून बाहेर पडला. ऐन तारुण्यांतलीं आठ वर्षें ज्या दाराशीं घालविलीं तें दार बंदच राहिलें. मनुष्याच्या आयुष्यांत याहून मोठें अपयश तें कोणतें?

त्यानंतरचा गोन्सालो व्यापारी आहे. पूर्वेकडील बंदरांत त्यानें धंदा मांडला, तो चालला आणि त्याच्या शाखा निघाल्या. पैसा आला, ओळखी वाढल्या. परंतु जुनी ओढ गेली नाहीं. मनिला येथें फ्रान्सिस्कन साधूंशीं त्याचा परिचय झाला; शेवटीं त्यानें चालता धंदा सोडला व त्या संघांत तो साधा बंधु म्हणून दाखल झाला; पुरोहित नव्हे, सेवक. १५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें पेद्रो बाप्तिस्ता या साधूला वकील म्हणून जपानास पाठविलें, तेव्हां दुभाष्या म्हणून गोन्सालोची निवड झाली. ज्या देशांतून तो निराश होऊन निघाला होता, त्याच देशांत तो परत आला आणि तोयोतोमी हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढें उभा राहून बोलूं लागला. १५९६ सालीं 'सान फेलिपे' हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें आणि त्यांतून उठलेल्या संशयाच्या वावटळींत ख्रिस्ती लोकांविरुद्ध हुकूम सुटला. पकडलेल्यांच्या कानांचा भाग कापून, ऐन हिवाळ्यांत त्यांची धिंड नागासाकीपर्यंत नेली. ५ फेब्रुवारी १५९७ या दिवशीं सव्वीस जणांना तेथील टेकडीवर क्रुसावर चढविलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय होते, आणि बाकीचे सामान्य संसारी लोक व मुलें होतीं. ज्या संघाचें दार आपल्यासाठीं उघडलें नाहीं त्याच संघाचे तिघे आपल्या ओळींत क्रुसावर पाहून गोन्सालोच्या मनांत काय आलें असेल, हें इतिहासानें लिहून ठेविलेलें नाहीं. १६२७ सालीं त्यास धन्य व १८६२ सालीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें. भारतांत जन्मलेला तो पहिला संत.

वसईच्या ख्रिस्ती समाजाला या नांवाचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. त्याच्या नांवाचें महाविद्यालय आहे, त्याचा सण होतो, मूर्तीस हार पडतात. पण स्तुतिपर भाषणांत त्याच्या आयुष्याचीं मधलीं वर्षें बहुधा एका वाक्यांत उरकलीं जातात. वसईचा जन्म आणि नागासाकीचा क्रूस, या दोन टोंकांमध्यें जो नाकारलेला, खचलेला, दुसरीकडे वळलेला मनुष्य उभा आहे, त्याला आम्ही चित्राच्या चौकटींत घेत नाहीं. आम्हांस संत जन्मतःच संत हवा असतो. त्यामुळें होतें काय, कीं आमच्या मुलाबाळांना त्याला नमस्कार करतां येतो, पण त्याच्यापासून कांहीं घेतां येत नाहीं. परीक्षेंत आपटलेला विद्यार्थी, मठांतून किंवा सेमिनरींतून परत आलेला तरुण, कर्जांत बुडालेला बागाईतदार, दारूनें घराची राखरांगोळी केलेला बाप, यांना आठ वर्षें थांबून हात हलवीत परतलेला गोन्सालोच उपयोगी पडण्यासारखा आहे. आणि नेमका तोच आम्ही लपवून ठेवला आहे.

येथें दुसऱ्या पक्षाचा समाचार घेणें प्राप्त होतें. अलीकडे मोठमोठ्या मंडपांतून ध्वनिक्षेपकांवर ज्या साक्षी दिल्या जातात त्यांचा सांचा ठरलेला असतो. मी अमुक व्यसनांत होतों. मी प्रार्थना केली. आज माझा धंदा भरभराटीस आहे, घर झालें, मोटार झाली, मुलगा परदेशीं गेला. श्रोते टाळ्या वाजवितात. या सांच्यांत गोन्सालोची गोष्ट घालून पाहा. संघानें नाकारलें, तो खचला, देवाची आठवण ठेविली, व्यापारांत बरकत आली. साक्षीदार येथेंच थांबेल आणि टाळ्या घेईल. गोन्सालोची खरी गोष्ट मात्र येथें सुरू होते. जी पेढी या साक्षींचा शेवट असते, ती त्यानें टाकून द्यावयाची वस्तु ठरविली. त्याचें नवें आयुष्य यशांत नव्हतें. तें यशाच्या पलीकडे होतें, आणि शेवटीं तर तें लौकिक अर्थानें पूर्वीहून मोठ्या अपयशांत गेलें. मंडपांतल्या साक्षीदारानें नागासाकीच्या टेकडीवर उभें राहून 'विश्वास ठेवा आणि जिंका' हें वाक्य उच्चारून पाहावें.

हे उपदेशक आपल्या मताला शास्त्राधार देतात. इयोबाचें उदाहरण तर त्यांच्या जिभेवर असतें. इयोबानें सर्व गमाविलें, तो देवाला चिकटून राहिला, आणि शेवटीं त्याला दुप्पट मिळालें! आम्ही त्यांना तोच अध्याय जरा सावकाश वाचण्याची विनंति करितों. मेंढ्या, उंट, बैल हीं दुप्पट झालीं हें खरें. परंतु मुलें दुप्पट झालीं नाहींत. सात मुलगे व तीन मुली, जेवढीं गेलीं तेवढींच नवीं झालीं. आणि जीं गेलीं तीं परत आलीं नाहींत. दहा थडगीं जशींच्या तशींच राहिलीं. ज्या बापानें आपलें मूल पुरलें आहे त्याला ही 'भरपाई' कशी वाटते हें जाऊन विचारा. संत पौलानें आपल्या शरीरांतील कांटा काढून टाकावा म्हणून तीनदां प्रार्थना केली. कांटा निघाला नाहीं. स्वतः येशू गेथशेमाने बागेंत जो पेला टळावा म्हणून रडला तो पेला टळला नाहीं. ज्या धर्माच्या मध्यभागीं क्रूस उभा आहे, त्याच्या नांवावर सुबत्तेची हमी देणें म्हणजे स्मशानांत उभें राहून अमरत्वाची वडी विकण्यासारखें आहे. आणि या हमीचे परिणाम भयंकर होतात. ज्याची सुबत्ता परत येत नाहीं, त्याला सांगितलें जातें कीं तुझी श्रद्धाच कमी पडली. म्हणजे बिचारा आधीं संसारांत नापास, आतां श्रद्धेंतहि नापास! एका पराभवाच्या ओझ्यावर दुसऱ्याचें ओझें लादणाऱ्या या धंद्याला दुसरें कांहींहि म्हणा, सुवार्ता मात्र म्हणूं नका.

मग नवजीवन तें कोणतें? आमच्या मतें त्याचें लक्षण गोन्सालोच्या एका गोष्टींत सांपडतें. जपानांतलीं तीं आठ वर्षें पुसलीं गेलीं नाहींत. येशूसंघानें मागाहून त्याची समजूत घातली नाहीं. परंतु त्या वायां गेलेल्या वर्षांत शिकलेली भाषाच पुढें त्याच्या कामास आली. तीवांचून त्याला त्या वकिलातींत कोणी घेतलें नसतें. श्रद्धेनें अपयश काढून घेतलें नाहीं. अपयशाला काम दिलें. जो फुटला तो घडा पुन्हां सांधून जुन्यासारखा करणें हें नवजीवन नव्हे. त्याच खापऱ्यांतून दुसऱ्या कोणाची तहान भागविण्याजोगें कांहीं घडवून घेणें हें नवजीवन होय. ही गोष्ट चमत्काराहून लहान दिसते. परंतु ती खरी असते, एवढा तिचा गुण आहे.

पण असें नवजीवन खरोखर आलें आहे हें ओळखावयाचें कसें? आमचें दुसरें भांडण येथें आहे. साक्ष नेहमीं ज्याचें पतन झालें त्याच्याच तोंडून घेतली जाते. न्यायाच्या कोणत्याहि चौकटींत ही रीत हास्यास्पद ठरेल. आरोपीनें स्वतःच उठून आपण सुधारलों म्हणून सांगावें आणि न्यायाधीशानें माना डोलवाव्या! साक्ष घ्यावयाची असेल तर ज्यांनीं त्याचें अपयश सोसलें त्यांची घ्या. बायकोची घ्या, मुलांची घ्या, ज्यांचे पैसे बुडाले त्यांची घ्या. जक्कय जकातदाराची गोष्ट शुभवर्तमानांत आहे. येशू त्याच्या घरीं पाहुणा आला. तेव्हां त्यानें आपल्या मनाला किती शांति वाटली याचें वर्णन केलें नाहीं. ज्यांना लुबाडलें त्यांना चौपट देतों, असें त्यानें सांगितलें. पश्चात्तापाचा हिशेब त्यानें दुसऱ्यांच्या खातेवहींत मांडला. आमच्याकडे कुमसाराला जाऊन आलेला नवरा घरीं येऊन विचारतो कीं, देवानें क्षमा केली, मग तूं कोण न करणारी? या प्रश्नाइतका उद्धट प्रश्न दुसरा नाहीं. देवाची क्षमा ही बायकोवर चालविण्याची डिक्री नव्हे.

याविषयीं मराठी साहित्यांत एक अपूर्व साधन आपल्यापाशीं आहे आणि तें म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'. १९३४ ते १९३६ या काळांत तीं चार भागांत प्रसिद्ध झालीं. नारायण वामन टिळक १८९३ सालीं राजनांदगांवकडे जात असतां आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांना 'नवा करार' दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वींचें त्यांचें आयुष्य म्हणजे धरसोडीचा इतिहास. आज ही नोकरी, उद्यां ती. आज हें गांव, उद्यां तें. घरांतून न सांगतां निघून जावें, मागें बायकोनें माहेरीं किंवा परक्या घरीं दिवस काढावे. धर्मांतरानें त्या बाईवर तर आकाशच कोसळलें. टिळकांच्या चरित्रकाराला धर्मांतराचा तो दिवस उदयाचा वाटेल. लक्ष्मीबाईंच्या लेखीं तो सूर्य मावळल्याचा दिवस होता. पुढचीं कांहीं वर्षें त्यांनीं नवऱ्यापासून दूर काढलीं. नंतर त्या त्यांच्यापाशीं गेल्या, तरी लगेच त्यांच्या धर्मांत गेल्या नाहींत. सोंवळें-ओंवळें, जातपात या प्रश्नांशीं त्या आपल्या बुद्धीनें, आपल्या गतीनें झगडल्या, आणि १९०० सालीं, म्हणजे टिळकांनंतर पांच वर्षांनीं, त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला.

त्या पुस्तकाचें मोल साक्षीच्या दृष्टीनें अमोल आहे, तें अशासाठीं कीं, त्यांत लक्ष्मीबाईंनीं टिळकांना एकहि सवलत दिलेली नाहीं. नवरा कवि होता म्हणून नाहीं, साधु झाला म्हणून नाहीं. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें त्यांचा तापटपणा वाहून गेला नाहीं, पैशाची बेपर्वाई गेली नाहीं. हें सारें त्या हंसत हंसत, पण स्पष्ट सांगतात. आणि तरीहि वाचकाला दिसत जातें कीं, या मनुष्यांत कांहींतरी बदललें आहे. जो पूर्वीं घर सोडून पळत असे तो आतां दुसऱ्यांना घरांत आणूं लागला. अनाथ मुलें आलीं, रोगी आले, ठोमऱ्यांसारखा तरुण कवि आला आणि पुढें महाराष्ट्रानें त्याला बालकवि म्हणून ओळखलें. त्याच उतावळ्या स्वभावाला निराळें वळण लागलें; पूर्वीची भटकंती आदरातिथ्य झाली. १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनीं 'देवाचा दरबार' उभारण्याचें योजिलें. १९१९ सालीं ते वारले. लौकिक मापानें तोहि उपक्रम तडीस गेला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें राहिलें होतें, तें लक्ष्मीबाईंनीं हातीं घेऊन पुढें नेलें. जिला या मनुष्यानें अनेकदां वाऱ्यावर सोडलें तिनें त्याची अपुरी ओळ आपली म्हणून पुढें चालवावी, याहून बळकट साक्ष कोणत्या मंडपांत मिळणार आहे?

आतां शेवटचा आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. एकाच रात्रीं येशूचे दोन शिष्य पडले. यहूदानें त्याला तीस रुप्यांस विकलें. पेत्रानें त्याला आपण ओळखतच नाहीं असें तीनदां सांगितलें. आपण सामान्यतः असें शिकवितों कीं, पेत्राला पश्चात्ताप झाला म्हणून तो तरला, यहूदाला झाला नाहीं म्हणून तो बुडाला. परंतु मत्तयाचें शुभवर्तमान उघडून पाहिलें तर तेथें यहूदाहि पस्तावला असेंच लिहिलें आहे. त्यानें पैसे परत नेले. निर्दोष रक्ताचा आपण घात केला हें तोंडानें कबूल केलें. म्हणजे पश्चात्ताप, कबुली व परतफेड हे तिन्ही प्रकार त्यानें केले. फरक पडला तो पुढें. तो गेला धर्माधिकाऱ्यांकडे. आणि त्यांनीं, तुझ्या पापाशीं आमचें काय देणें-घेणें, या अर्थाचें उत्तर देऊन त्याला वाटेस लाविलें. त्यानंतर तो एकटा गेला आणि त्यानें गळफास घेतला. पेत्र मात्र आपल्या मंडळींत राहिला, आणि मंडळींनीं त्याला राहूं दिलें. तो नाकारणारा आहे हें ठाऊक असूनहि पुनरुत्थानाच्या सकाळीं तो त्यांच्यांत होता. त्याला क्षमा समुद्रकांठीं, कोळशाच्या विस्तवाजवळ, इतर शिष्यांच्या देखत मिळाली. तो एकटा पडला असता तर ती मिळण्यास तो जागेवर सांपडला असता काय?

यावरून निघणारा निष्कर्ष आमच्या समाजाला रुचणारा नाहीं. पडलेल्या मनुष्याचें नवजीवन केवळ त्याच्या व देवाच्या मधला खाजगी व्यवहार नसतो. त्याच्याभोंवतीं बसलेली माणसें त्याला जागा देतात कीं नाहीं, यावरहि तें अवलंबून असतें. आणि आम्ही जागा देतों काय? वसई धर्मप्रांत १९९८ सालीं स्वतंत्र झाला. पापडी, निर्मळ, संडोर, नंदाखाल, आगाशी अशा ठिकाणींचीं चर्चें रविवारीं भरलेलीं असतात. त्याच बांकांवरून घटस्फोट झालेली मुलगी मागच्या दारानें निघून जाते. दिवाळें निघालेला मनुष्य मिस्सेची वेळ बदलतो, म्हणजे ओळखीचे भेटूं नयेत. व्यसनमुक्त होऊन आलेल्याला हातांत जबाबदारीचें काम देतांना सगळ्यांच्या भुंवया उंचावतात. त्याला आम्ही व्यासपीठावर साक्षीपुरता चढवितों. हिशेबाच्या कमिटींत घेत नाहीं. त्याच्या पतनाची कथा आम्हांस हवी असते, त्याचा शेजार नको असतो. धर्माधिकाऱ्यांनीं यहूदाला जें उत्तर दिलें तेंच आम्ही अधिक सभ्य शब्दांत देतों, आणि वर उपासकाळांत राख लावून घेतों.

असें नसावें असें म्हणणारे आमच्यांत झाले नाहींत असें नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२४ सालीं निवर्तले. ख्रिस्ती माणसानें चर्चच्या भिंतींपुरतें न राहतां गांवच्या पाण्यासाठीं, झाडांसाठीं, मराठी भाषेसाठीं उभें राहावें, हें त्यांनीं हरित वसईच्या चळवळींत आणि आपल्या लेखणीनें दाखविलें. परंतु समाजासाठीं उभें राहणें एक आणि समाजानें ज्याला खालीं ढकललें त्याच्याजवळ बसणें निराळें. पहिलें काम थोरांचें आहे. दुसरें कोणालाहि करतां येण्यासारखें आहे, म्हणूनच तें कोणी करीत नाहीं.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जे हा हरलेल्यांचा धर्म म्हणून हंसतात त्यांना आम्ही उत्तर देतों, होय, आहे; आणि हरण्याची पाळी ज्याच्यावर कधींच येणार नाहीं असा मनुष्य तुम्हीं पाहिला असेल तर त्याला या धर्माची गरज नाहीं हें आम्ही मान्य करूं. जे या धर्माला जिंकण्याचें यंत्र म्हणून विकतात त्यांना सांगणें असें कीं, तुमचें दुकान ज्या क्रुसाच्या छायेंत थाटलें आहे त्याच्याकडे एकदां मान वर करून पाहा. आणि आम्हां घरच्यांना सांगणें एवढेंच कीं, पुढच्या सणाला गोन्सालोच्या मूर्तीस हार घालतांना त्याच्या आयुष्याचीं मधलीं वर्षेंहि वाचून दाखवा. आणि वाचून झाल्यावर बांकावर थोडें सरकून बसा. दाराशीं कोणीतरी उभा असतो.